उन्हातल्या जागेची फुले

फाल्गुन सरत आला, की दिल्लीतील सरकारी वसाहतींच्या बागा एकाएकी वयस्क दिसू लागतात. जानेवारी-फेब्रुवारीत येणाऱ्याजाणाऱ्याला थांबावयास लावणारे पॅन्सी, पिटुनिया, फ्लॉक्स आणि नॅस्टर्शियमचे वाफे मार्चअखेरीस पिवळे पडतात. एप्रिलात माळी ती वाळलेली रोपे उपटून टाकतो, आणि पुढे ऑक्टोबरात नवे बी पेरले जाईपर्यंत ती जमीन उघडी, भेगाळलेली अशीच पडून राहते. सहा महिन्यांची शोभा आणि सहा महिन्यांचे ओसाडपण, असा हा व्यवहार आहे. घरात राहणारा गृहस्थ बदलीच्या नोकरीतला असेल, तर तो हा व्यवहार डोळे उघडे ठेवून पत्करतो. तीन वर्षांनी दुसऱ्या गावी जावयाचे आहे, हे त्याला ठाऊक असते. मोगऱ्याचे रोप लावले, तर ते भरात येण्यास दोन वर्षे लागतील. म्हणजे खरा बहर येईल तेव्हा अंगणात दुसरेच कोणी बसलेले असेल. त्यापेक्षा ऑक्टोबरात बी टाकावे आणि जानेवारीत फूल पाहावे, हे त्याचे गणित चुकीचे म्हणता येणार नाही.

तरीही या गणितात एक गोष्ट धरावयाची राहून जाते. हाच गृहस्थ नव्या गावी नव्या घराचे कुलूप उघडतो, तेव्हा मागल्या अंगणात पूर्वीच्या कोणी लावलेली जास्वंद त्याला फुललेली मिळते. ती कोणी लावली हे विचारावयास जागा नसते आणि आभार मानावयास माणूस नसतो. टिकाऊ फुलझाडांची निवड हा विषय वरकरणी हौसेचा दिसला, तरी त्याच्या मुळाशी हा प्रश्न आहे: जे फूल लावणाऱ्याला कदाचित दिसणारही नाही, ते लावावे की नाही? आणि लावावयाचे ठरले, तर भारतातील कडक उन्हात, अपुऱ्या पाण्यावर, मालक बदलत गेले तरी तग धरतील अशी झाडे कोणती?

आरंभीच दोन शब्दांतील फरक ध्यानात घ्यावयास हवा. बहुवर्षायू म्हणजे अनेक वर्षे जगणारे झाड, आणि बारमाही म्हणजे वर्षभर फुलणारे झाड. रोपवाटिकेत हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले जातात आणि तेथेच निराशेचे बी पेरले जाते. शेवंती बहुवर्षायू आहे, परंतु तिचा बहर वर्षातून एकदाच येतो. निशिगंधाचा कंद जमिनीत राहतो, पण थंडीत तो जवळजवळ मुका असतो. जास्वंद, सदाफुली आणि एक्झोरा यांच्यासारखी थोडीच झाडे उष्ण प्रदेशात दोन्ही नावांना पात्र ठरतात. ज्याला बाग कधीच रिकामी दिसू नये असे वाटते, त्याने एकाच झाडाकडून वर्षभराची अपेक्षा न ठेवता, एकामागून एक फुलणारी चार-पाच झाडे निवडावीत.

दुसरा घोटाळा विलायती पुस्तकांनी केलेला आहे. इंग्लंडातील बागांच्या वर्णनात डेल्फिनियम, ल्युपिन, पिओनी अशी बहुवर्षायू फुलांची मोठी मोहक यादी असते. ती सारी झाडे थंडीत जमिनीवरून नाहीशी होतात, मुळांच्या रूपाने झोपतात आणि वसंतात पुन्हा उगवतात. त्या झोपेसाठी त्यांना कडक थंडी लागते. सिमला किंवा उदकमंडलम् यांसारख्या थंड हवेच्या ठिकाणी त्यांतील काही नांदतीलही. परंतु नागपूर, इंदूर किंवा हैदराबाद येथे त्यांना झोप लागत नाही आणि उन्हाळा सोसत नाही. भारताच्या मैदानात विश्रांतीचा काळ वेगळा आहे. पुष्कळ देशी झाडे कोरड्या ऋतूत निजतात आणि पावसाबरोबर जागी होतात. कळलावीचा वेल याचे चांगले उदाहरण आहे. पावसाळ्यात ती ज्वालेसारखी फुलते आणि पाऊस संपल्यावर वाळून कंदात परतते. तेव्हा निवड करताना झाडाचा जन्म कोणत्या देशातील, यापेक्षा ते कोणत्या ऋतूत विसावते, हे पाहणे अधिक उपयोगाचे.

त्यानंतर प्रश्न येतो तो उन्हाचा. "आमच्या अंगणात भरपूर ऊन आहे" हे वाक्य बहुधा अंदाजाने उच्चारलेले असते. ऊन मोजावयास कोणतेही यंत्र लागत नाही. सुटीच्या दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता सावलीच्या कडेला एकेक खुंटी ठोकावी, म्हणजे कोणत्या जागेला किती तास ऊन मिळते ते कळते. सहा तास किंवा त्याहून अधिक थेट ऊन मिळते, ती जागा फुलझाडांच्या दृष्टीने पूर्ण उन्हाची समजावी. मात्र हे मोजमाप एकदा डिसेंबरात आणि एकदा मे-जूनमध्ये केले पाहिजे, कारण सूर्य आपली वाट बदलतो. दिल्लीत डिसेंबरच्या उत्तरार्धात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ३८ अंशांवरच असतो. ३ मीटर उंचीच्या भिंतीची सावली त्या वेळी उत्तरेकडे जवळजवळ ४ मीटर पसरते. मुंबईत त्याच दिवशी सूर्य ४७ अंशांच्या वर चढतो. उलट मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मुंबईचा मध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेस सरकलेला असतो, आणि एरवी सावलीत असणाऱ्या उत्तरेकडील भिंतीवर तेव्हा दुपारचे ऊन पडते. दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेस असल्यामुळे तेथे हे कधीच घडत नाही. म्हणूनच पुण्यात घराच्या उत्तरेस तग धरणारा गुलाब दिल्लीत त्याच जागी थंडीभर खुरटून बसतो, आणि दोष मात्र माळ्याला दिला जातो.

उन्हाची जातही पाहावयास हवी. पूर्वेचे ऊन सौम्य असते आणि रात्रीच्या दवाने ओलावलेल्या पानांवर येते. पश्चिमेचे ऊन तापलेल्या हवेतून येते, आणि त्यात भिंत व फरशी यांनी दिवसभर साठविलेली उष्णता मिसळते. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा पश्चिम भिंतीलगतची जागा ही उन्हाची नव्हे, भट्टीची असते. त्या जागेसाठी वेगळीच झाडे निवडावी लागतात.

अशा भट्टीसारख्या जागेसाठी पहिले नाव बोगनवेलीचे. ती मूळची दक्षिण अमेरिकेतील. फ्रेंच दर्यावर्दी बोगनव्हिल १७६६ ते १७६९ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा करीत असता, त्याच्या मोहिमेतील वनस्पतिशास्त्रज्ञ कोमर्साँ याला ती ब्राझीलमध्ये आढळली, आणि तिला त्या दर्यावर्द्याचे नाव मिळाले. कोमर्साँबरोबर पुरुषवेष धारण करून त्याची साहाय्यक झान बारे हीही होती. पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली ज्ञात स्त्री म्हणून इतिहास तिला ओळखतो. बोगनवेलीचे रंगीत दिसणारे दल हे खरे फूल नव्हेच. ती रंगलेली पाने आहेत, आणि खरी फुले त्यांच्या कुशीत तीन-तीन बारीक पांढरट नळ्यांच्या रूपाने असतात. हा वेल लाडाने बिघडतो. पाणी आणि खत सढळ दिले, की तो नुसत्या पानांनी माजतो. पाणी आवरते घेतले, की रंगाने फुलतो. काट्यांमुळे मात्र तो पायवाटेपासून दूर ठेवावा. भारतात या वेलीच्या नव्या वाणांवर इतके काम झाले, की जगभरातील वाणांच्या नोंदणीचे काम १९६६ मध्ये नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेकडे सोपविण्यात आले.

दुसरी कण्हेर. रस्त्यांच्या दुभाजकांवर धूळ, धूर आणि ऊन खात ती फुलत राहते, यावरूनच तिची चिवटपणाची परीक्षा झालेली आहे. परंतु तिचे पान, फूल, साल आणि मूळ असे सर्वांग विषारी असून ते विष हृदयावर परिणाम करते. पिवळी कण्हेर, जिला बिट्टी म्हणतात, तिच्या बियाही तितक्याच घातक आहेत. रांगती मुले किंवा मोकळी गुरे जेथे असतील, तेथे ही दोन्ही झाडे लावू नयेत, आणि त्यांच्या छाटलेल्या फांद्या जाळू नयेत.

तिसरी सदाफुली. मूळ मादागास्करची ही पाहुणी भारतात इतकी रुळली, की उत्तरेत सदाबहार, बंगालात नयनतारा आणि तमिळ प्रदेशात नित्यकल्याणी अशी घरगुती नावे तिला मिळाली. विटेच्या फटीत, पडक्या ओट्यावर, कोणी न लावता ती उगवते. म्हणून तिला किंमत नाही. परंतु १९५० नंतरच्या काळात संशोधकांनी हिच्याच पानांतून व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन ही द्रव्ये वेगळी केली, आणि रक्ताच्या कर्करोगाने ग्रस्त असलेल्या मुलांच्या उपचारांत व्हिनक्रिस्टिनने मोठे स्थान मिळविले. अर्थात् याचा अर्थ घरी तिची पाने चावावीत असा मुळीच नाही; ती विषारीच आहेत. बागेच्या दृष्टीने तिचा शत्रू एकच, साचलेले पाणी. मुळाशी चिखल झाला, की हसते रोप दोन दिवसांत माना टाकते. दोन-तीन वर्षांनी झाड लाकडासारखे व विरळ झाले, की जवळपास आपोआप उगवलेले रोप त्या जागी लावावे.

ज्या जागी ऊन भरपूर आणि पाण्याचीही सोय आहे, तेथे जास्वंदीला तोड नाही. तिचे एक फूल बहुधा एकच दिवस टिकते, पण दुसऱ्या दिवशीचे तयार असते. फुले नव्या फुटीवर येतात, म्हणून वर्षातून एकदा फांद्या तिसरा हिस्सा छाटाव्यात. पांढऱ्या कापसासारख्या पिठ्या ढेकणांनी शेंडे आकसले, तर औषधाच्या दुकानाकडे धावण्याआधी तेवढे शेंडे कापून काढावेत आणि पाण्याचा जोरदार फवारा मारावा. पुष्कळदा तेवढ्याने भागते.

कर्दळीला तर मोरीचे वाहून जाणारे पाणीही चालते. मोठी पाने, भडक फुले आणि जमिनीखाली पसरणारे कंद यांमुळे एकदा लावलेली कर्दळ पुढच्या तीन बिऱ्हाडांना पुरते. फक्त दोन वर्षांनी गर्दी झालेले कंद खणून विरळ करावे लागतात. ज्या संस्थेच्या बागेत कर्दळीच्या अनेक नव्या जाती संकरातून तयार झाल्या, ती कलकत्त्याची ॲग्रि-हॉर्टिकल्चरल सोसायटी १८२० मध्ये विल्यम कॅरी याने स्थापन केली. १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापणारा कॅरी तो हाच. बंगालात बसून मराठी शब्द जुळविणारा आणि फुलझाडे जमविणारा माणूस एकच होता, ही गोष्ट महाराष्ट्राबाहेरील मराठी घरांना जवळची वाटावी अशी आहे.

सुगंधासाठी मोगरा. तो सावलीत जगतो, पण फुलतो उन्हातच. त्याचे रहस्य विश्रांतीत आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस पाणी तोडावे, पाने गळू द्यावीत, डिसेंबरअखेर किंवा जानेवारीत छाटणी करून मुळाशी माती मोकळी करावी आणि मग शेणखत घालून पाणी सुरू करावे; मार्चपासून कळ्या धरू लागतात. वर्षभर प्रेमाने पाणी घालणाऱ्याच्या मोगऱ्याला पानेच का येतात, याचे उत्तर येथे मिळते. निशिगंधाचे कंद एप्रिल-मेच्या सुमारास लावावेत. एक कंद एकदाच फुलतो, परंतु त्याच्या कुशीतील पिले पुढची परंपरा चालवितात. बेंगळूरूच्या भारतीय उद्यान संशोधन संस्थेने काढलेले शृंगार आणि प्रज्वल हे एकेरी पाकळ्यांचे, तसेच सुवासिनी आणि वैभव हे दुहेरी पाकळ्यांचे वाण आता सर्वत्र परिचित आहेत.

शेवंतीची अट निराळी आहे. तिला दिवसा ऊन आणि रात्री अंधार, दोन्ही पूर्ण हवेत. दिवस लहान होऊ लागले, रात्री लांबल्या, की तिला कळ्या येतात. तिच्या वाफ्यावर रस्त्याच्या दिव्याचा प्रकाश रात्रभर पडत राहिला, तर झाडाला रात्र झालीच नाही असे वाटते आणि बहर लांबतो. त्यामुळे शेवंतीसाठी जागा निवडताना दिवसाबरोबर रात्रीही एकदा बागेत चक्कर मारावी. बहर संपल्यावर झाड वीतभर ठेवून छाटावे, आणि बुडाशी फुटणाऱ्या काश्या वेगळ्या करून पुढच्या वर्षासाठी लावाव्यात.

गुलाबाविषयी इतके लिहिले-बोलले गेले आहे, की येथे एकच सूचना पुरे. विकत मिळणारा गुलाब बहुधा रानगुलाबाच्या खुंटावर डोळा भरून केलेला असतो. डोळ्याच्या खालून जोमाने वर येणारी फूट ही रानगुलाबाची असते; ती वेळीच काढली नाही, तर दोन वर्षांत खुंट राहतो आणि गुलाब जातो. नव्या बिऱ्हाडकरूला जुन्या बागेत जे न फुलणारे काटेरी गुलाब सापडतात, त्यांची कथा पुष्कळदा हीच असते.

एक्झोराचे लाल गुच्छ कोकण, गोवा आणि केरळ यांच्या आम्लधर्मी तांबड्या मातीत शोभतात. देशावरील चुनखडीच्या जमिनीत त्याची पाने पिवळी पडतात. तेथे हट्ट न धरता गलांडा लावावा. थोड्या पाण्यात, हलक्या जमिनीत तो आनंदाने फुलतो. कडेला चिनी गुलाबाच्या काड्या खोचाव्यात. ऊन वर आल्यावर उमलणाऱ्या आणि दुपारनंतर मिटणाऱ्या या फुलाला लोक थट्टेने "ऑफिस-टाइम" म्हणतात. कचेरीत जाणाऱ्या माणसाला मात्र ते नेमके सुटीच्या दिवशीच पाहावयास मिळते.

निवडीत एक जबाबदारीही आहे. घाणेरी किंवा टणटणी ही आज भारतातील जंगलांना ग्रासणारी वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी शोभेचे झाड म्हणूनच या देशात आली. उन्हाला न भिणारी, पाणी न मागणारी, बारा महिने फुलणारी, म्हणजे चांगल्या फुलझाडाचे सारे गुण तिच्यात होते. पाखरांनी तिची फळे खाल्ली, बिया रानोमाळ नेल्या, आणि गवताची कुरणे तिने गिळली. तिच्या पाल्याने गुरांना विषबाधा होते ती वेगळीच. कुंपणाआत लावलेले झाड कुंपणाआत राहतेच असे नाही, हा धडा या एका उदाहरणाने पुरेसा महाग शिकविला आहे. म्हणून जे झाड न लावता आपोआप दूरवर पसरते, ते रानाजवळच्या वस्तीत लावताना दहादा विचार करावा.

लावणीचा काळ प्रांताप्रमाणे बदलतो. महाराष्ट्र, बडोदे, इंदूर येथे पावसाच्या पहिल्या दोन-तीन सरींनंतर, म्हणजे जूनअखेर ते जुलै, हा उत्तम काळ. दिल्ली-ग्वाल्हेरकडे पाऊस उशिरा पोहोचतो, म्हणून जुलै-ऑगस्ट किंवा थंडी ओसरल्यावर फेब्रुवारी-मार्च. तंजावर-चेन्नईकडे मुख्य पाऊस ऑक्टोबरनंतर येतो. तेथे लावणीही त्याच्या बेताने करावी. काळ्या जमिनीत खड्ड्यातील माती निम्मी बदलून मुरूम-वाळू आणि कुजलेले शेणखत घालावे आणि वाफा वीतभर उंच करावा, नाहीतर पावसाळ्यात तिथे डबके होते. रोज झारीने शिंपडलेले पाणी वरची दोन बोटे माती भिजवते आणि मुळांना वर बोलावते. त्याऐवजी आठवड्यातून एकदा-दोनदा आळे भरून द्यावे, आणि आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे, म्हणजे मुळे खोल जातात आणि मालक चार दिवस परगावी गेला तरी झाड वाट पाहू शकते. ज्यांच्याकडे अंगण नाही, केवळ सदनिकेची गॅलरी आहे, त्यांनाही सदाफुली, मोगरा आणि लहान जास्वंद कुंडीत लावता येते. कुंडी मात्र तळाला भोक असलेली आणि हाताला मोठी वाटेल अशी घ्यावी, कारण उन्हात लहान कुंडी तासाभरात तापते.

हंगामी फुलांशी वैर धरण्याचे कारण नाही. जानेवारीत पॅन्सीचा वाफा पाहून ज्याचे मन प्रसन्न होत नाही, त्याच्याशी फुलांविषयी बोलणेच व्यर्थ. परंतु वाफ्याच्या मागच्या ओळीत, भिंतीच्या कडेला, दोन जास्वंदी, एक मोगरा आणि चार निशिगंधाचे कंद यांना जागा द्यावयास फारसे काही लागत नाही. घर सोडण्याचा दिवस येतो, तेव्हा दिवे, पंखे, नळ यांची यादी करून सही घेतली जाते. झाडांची नोंद त्या यादीत नसते. एवढेच करता येईल, की एका कागदावर कोणत्या झाडाची छाटणी कधी, कोणत्या कंदाची जागा कोठे, आणि मोगऱ्याचे पाणी केव्हा तोडावे, हे लिहून तो कागद स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवावा. नव्या बिऱ्हाडकरूला तो एप्रिलात उपयोगी पडेल.